पिंगपाँग : आवाजाने दिलेलं नाव

बीडच्या उन्हात मुलं हॉलमधल्या टेबलाभोवती जमतात. खेळ टेबल टेनिसचा, पण तोंडी नाव ‘पिंगपाँग’. दुपारच्या त्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांत मीही होतो. पण हे नावच मुळी आवाजाचं! आपल्या ‘टकटक’, ‘खळखळ’सारखा हा अनुकरणवाचक शब्द. जुन्या बॅटींना ताणलेलं चामडं असे. सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू त्यावर ‘पिंग’ वाजे, टेबलावर ‘पाँग’. १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हे नाव ट्रेडमार्क झालं. इतरांना ते वापरता येईना. म्हणून १९२६ चा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तो ‘टेबल टेनिस’च्या नावाने.

गंमत म्हणजे हा आवाज दबला तो आपल्या मुंबईत. १९५२ च्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. चेंडू लागल्याचा आवाजच येईना. कानाने अंदाज घेणारे भलेभले गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला!

२५ वर्षांत आपली किती मुलं शिकायला लातूर-पुण्याला गेली. टेबल गप्प झालं, तर सोसायटीही गप्प होईल. म्हणून आता दुपारी मी खिडकी लावत नाही.