कुष्ठ, कोड आणि महारोग : नावांचा गुंता

मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’चेच वंशज. मराठीतल्या कोडात त्वचेचा फक्त रंग जातो. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होणारा, नसा बधिर करणारा आजार. दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरीही कोड असलेल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, डाग असलेल्या माणसाच्या हातचं पाणी टाळलं जातं. या भीतीच्या मुळाशी नावांचा जुना गुंता आहे.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातच ‘किलास’ या विकारावरची सूक्तं आहेत. त्वचेला तिचा मूळ रंग परत दे, अशी वनस्पतीला केलेली ती विनवणी आहे. पुढे चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये त्वचाविकारांची रीतसर मांडणी झाली. अठरा कुष्ठं, त्यातली सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. त्यांची नावं वाचली की त्या वैद्यांची नजर कळते. पिकलेल्या उंबरासारखं दिसतं ते औदुंबर, ऋष्य हरणाच्या जिभेसारखं खरखरीत ते ऋष्यजिव्ह, कमळाच्या पाकळीसारखं ते पुंडरीक, फुटक्या खापरीसारखं ते कपाल, गुंजेच्या रंगाचं ते काकणक. सूक्ष्मदर्शक नव्हता, डोळा आणि बोट हीच साधनं होती. गोल पसरणाऱ्या चट्ट्याला ‘गजकर्ण’ आणि पट्ट्याने उठणाऱ्या फोडांना ‘नागीण’ म्हणणारी आपली बोलीही याच वाटेने चालत आली.

कुष्ठाच्या पूर्वलक्षणांमध्ये त्या जागी स्पर्श न कळणं हेही या ग्रंथांनी नोंदवलं आहे. कुष्ठरोगाची ही खूण आजही डॉक्टर सर्वांत आधी तपासतात. पण ‘कुष्ठ’ या एकाच छत्राखाली दद्रु, पामा, विचर्चिका हेही आले. म्हणजे आपण ज्यांना आज ढोबळमानाने नायटा, खरूज, इसब म्हणतो, ते सगळे. पांढऱ्या डागांचं श्वित्र अठरांच्या बाहेर मोजलं गेलं, तरी त्याची चर्चा चरकाने कुष्ठाच्याच अध्यायात केली. शास्त्रात भेद होता, लोकांच्या तोंडी मात्र तो टिकला नाही.

असाच घोळ युरोपातही झाला. ग्रीक वैद्य ‘लेप्रा’ म्हणत ते खवले सुटणाऱ्या त्वचेला. अलेक्झांड्रियात ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा विधीच्या दृष्टीने अशुद्ध ठरणाऱ्या ‘त्झाराअत’ या अवस्थेसाठी हाच शब्द योजला गेला. अकराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये नेताना खऱ्या कुष्ठरोगाच्या ‘जुझाम’ या नावासाठीही ‘लेप्रा’च आला. त्यामुळे धर्मातली अशुद्धता, खवल्यांचा विकार आणि नसांचा आजार एका शब्दात कोंबले गेले. सोरायसिससुद्धा एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘लेप्रा’ या नावाने वावरत होता. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी 1841 मध्ये तो स्पष्टपणे वेगळा केला.

1873 मध्ये नॉर्वेतल्या बर्गन इथे गेरहार्ड आर्मॉअर हॅन्सन यांना कुष्ठरुग्णांच्या ऊतींमध्ये जंतू दिसले. आजाराची ओळख आता दिसण्यावरून नव्हे, तर कारणावरून पटू लागली. पण त्याची भीती आणि त्याचे कायदे तसेच राहिले. भारतात 1898 चा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ रुग्णाला समाजातून वेगळं काढण्यासाठीच झाला होता.

मराठीत या आजाराला ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ ही नावं रूढ होती. सुश्रुताने असाध्यप्राय मानलेल्या आठ ‘महाव्याधीं’मध्ये प्रमेह, मूळव्याध, भगंदर यांच्यासोबत कुष्ठही होतं. मराठीत मात्र ‘महारोग’ म्हटलं की एकच आजार डोळ्यांपुढे येऊ लागला, आणि ‘महारोगी’ ही माणसाची जन्मभराची ओळख होऊन बसली. या ओळखीविरुद्ध महाराष्ट्रात मोठं काम उभं राहिलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे. आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचं नाव आजही ‘महारोगी सेवा समिती’ आहे; ज्या शब्दाने माणसं घराबाहेर काढली गेली, तोच शब्द या मंडळींनी सेवेच्या पाटीवर लिहिला.

1948 मध्ये हवानाच्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने ‘लेपर’ हा शब्द टाकून द्यावा, असं सुचवलं. आपल्याकडे ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ रद्द व्हायला 2016 उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये व्यक्तिगत कायद्यांतून वगळलं गेलं. तोपर्यंत औषध येऊन कित्येक वर्षं लोटली होती. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस 1981 मध्येच केली होती. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती फार लवकर संपते.

आरोग्य केंद्रात डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि कापसाच्या बोळ्याचं किंवा पेनाचं टोक डागावर हलकेच टेकवतात. कुठे लागलं ते रुग्णाने बोट ठेवून दाखवायचं. कुष्ठाचा डाग सहसा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे बहुधा स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग पांढराफटक असतो, पण तिथला स्पर्श शाबूत असतो. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. तिथे जंतू नाही, संसर्ग नाही.

म्हणून घरात, शाळेत, लग्नाच्या बोलणीत नावं नेमकी वापरा. कोडाला कोडच म्हणा, आणि ते स्पर्शाने पसरत नाही हे ठणकावून सांगा. ‘महारोगी’ हा शब्द संस्थांच्या पाट्यांवर इतिहास म्हणून राहू द्या, माणसासाठी वापरू नका. आणि अंगावर बधिर डाग दिसला तर तो लपवू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जा. वेळेत गेलेल्या माणसाचे हातपाय आणि डोळे वाचतात.