गोलाईचा प्रश्न

अक्षराने यंत्रापुढे किती वाकावे, हा वाद मराठी वाचकाला अपरिचित नाही. मुद्रणाची सोय व्हावी या हेतूने सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी त्याच वादातून आली होती. रोमन लिपीच्या वाट्याला हा प्रसंग १९६० च्या दशकात आला, आणि तो आणला एका पडद्याने.

जर्मनीतील कील येथील रुडॉल्फ हेल यांच्या कंपनीने १९६५ मध्ये 'डिजिसेट' हे अक्षरजुळणीचे यंत्र आणले. त्यात शिशाचे खिळे नव्हते. अक्षर ठिपक्यांच्या रूपाने यंत्राच्या स्मृतीत साठवलेले असे; इलेक्ट्रॉनांचा झोत ते कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावर बारीक रेघांनी रेखाटी आणि तेथून ते फिल्मवर उतरे. सरळ दांडा या रेघांना सहज साधे. वळण मात्र पायऱ्यापायऱ्यांचे होई. शतकानुशतके घोटलेली गारामाँसारखी अक्षरे या पडद्यावर विद्रूप दिसू लागली.

ते पाहून डच संकल्पक विम क्रौवेल यांनी निराळी वाट धरली. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'न्यू अल्फाबेट'मध्ये वळणाला थाराच नाही: उभ्या-आडव्या रेघा आणि तिरके छाटलेले कोपरे, एवढ्यावर सारी वर्णमाला उभी आहे. 'एम' म्हणजे खाली रेघ दिलेला 'एन'. काही अक्षरे तर ओळखावयास शिकावीच लागतात. हा सैद्धान्तिक प्रयोग होता, प्रत्यक्ष वापरासाठी नव्हे, असे क्रौवेल पुढे सांगत राहिले.

त्याच वर्षी, त्याच पुस्तिकामालेत, तरुण खेरार्ड उंगर यांनी प्रतिप्रस्ताव मांडला. वाचकाच्या डोळ्यांत मुरलेली अक्षररूपे यंत्रासाठी मोडू नयेत, यंत्रानेच त्यांच्याशी जुळवून घ्यावे, असा त्यांचा रोख होता. पुढे १९७० च्या दशकात उंगर हेल कंपनीसाठीच अक्षरे घडवू लागले, आणि तेव्हा 'डेमॉस' हा टंक सिद्ध झाला. त्यात जाड-बारीक रेघांतील फरक कमी आहे, अक्षरांची पोटे मोकळी आहेत, टोके बोथट व किंचित गोलावलेली आहेत. पडद्यावर टोकदार कोपरा टिकणार नाही हे ओळखून उंगर यांनी तो आधीच मऊ केला. उंगरही यंत्रापुढे वाकले, हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु 'ए'चे 'ए'पण त्यांनी सोडले नाही.

पुढे काय झाले ते बोलके आहे. पडद्याचा खडबडीतपणा काही वर्षांतच ओसरला आणि डिजिसेटही इतिहासजमा झाले. क्रौवेल यांची अक्षरे १९८८ मध्ये 'जॉय डिव्हिजन'च्या 'सब्स्टन्स' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, थोड्या बदलांसह, अवतरली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती संग्रही घेतली. 'डेमॉस' मात्र मजकुराचा टंक म्हणून जगला. त्याची सुधारित आवृत्ती जर्मन संघराज्याच्या सरकारने काही काळ आपल्या प्रकाशनांसाठी वापरली.

क्रौवेल यांचे धाडस आम्ही कमी लेखत नाही. त्यांनी प्रश्न इतका टोकाला नेला नसता तर उंगर यांचे उत्तरही इतके स्पष्ट झाले नसते. तरीही लिपीसुधारणेचे प्रस्ताव वाचताना, आपल्या लिपीचे असोत वा परक्या, आम्हांस आधी एवढेच विचारावेसे वाटते: ज्या यंत्रासाठी हा बदल मागितला जात आहे ते किती वर्षे टिकणार, आणि नवी अक्षरओळख वाचकाने किती वर्षे शिकावयाची?