परिधेय आरोग्ययंत्रे : वर्गणी आणि एकरकमी किंमत

मनगटी पट्टा, घड्याळ किंवा अंगठी या रूपात अंगावर राहून नाडीचे ठोके, झोप आणि हालचाल यांची सतत नोंद ठेवणाऱ्या यंत्रांना परिधेय आरोग्ययंत्रे म्हणतात. एकदाच पैसे मोजून यंत्र आणि त्याचे अ‍ॅप दोन्ही मिळणे ही एकरकमी रीत होय. नोंदींचे विश्लेषण वा सल्ला मिळत राहावा म्हणून दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरावे लागणे ही वर्गणीची रीत होय.

भारतात वर्गणीचे ठळक उदाहरण मुंबईच्या गोकी या कंपनीचे आहे. विशाल गोंदल यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने २०१४ मध्ये पट्टा सुटा न विकता ठरावीक मुदतीच्या आरोग्यसल्ल्याच्या योजनेसोबत दिला. त्या पैशांमागे आहार-व्यायामाच्या नोंदी पाहून मार्गदर्शन करणाऱ्या प्रशिक्षकाचे श्रम होते, म्हणून तेथे वर्गणी रास्त ठरते. फिनलंडच्या ओरा कंपनीने मात्र २०२१ मध्ये तिसऱ्या पिढीच्या अंगठीला, तिची किंमत वसूल करूनही, दरमहा ५.९९ डॉलरची वर्गणी जोडली. तीन वर्षांत ही रक्कम सुमारे २१५ डॉलर होते आणि ती न भरणाऱ्याला झोप, सज्जता व हालचाल यांचे ढोबळ गुणच दिसतात. विकत घेतलेल्या यंत्राने टिपलेला स्वतःच्याच शरीराचा तपशील असा अडवून ठेवणे समर्थनीय नाही.

बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमनने आपली अंगठी वर्गणीविना विकून वेगळा मार्ग घेतला. तथापि एकरकमी खरेदीही कायमची नसते, कारण अंगठीतील बॅटरी बदलता येत नाही, आणि सर्व्हरचा खर्च चालूच राहत असल्याने जुन्या यंत्रांचा सांभाळ सोडून नवी विकण्याकडे कंपन्यांचा कल वाढतो.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजसारख्या बाजारपेठेत रोखीने घेतलेल्या घड्याळाचे देणे पावतीबरोबर संपते. वर्गणी मात्र खात्यातून आपोआप वळती होते. अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले, तर वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवण्याची युक्ती नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवली. जमलेल्या नोंदींबाबत संरक्षण तोकडे आहे : वैयक्तिक माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या माहिती-संरक्षण विधेयकात होता, तो त्याच विषयावरील २०२३ च्या अधिनियमात आला नाही.