बोरीची हत्यारे आणि आकाशातले बाप

१९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने परग्रहवासीयांनी माणूस घडवला, असे पुस्तकातून मांडले. जुन्नर-आंबेगावचे माझे विद्यार्थी आजही त्याविषयी विचारतात. मला त्यात पुरुषसूक्तच दिसते. तिथेही माणसाला वरचा कोणी घडवतो आणि शूद्र पायांतून निघतो. बाबासाहेबांनी १९४६ साली या सूक्ताची चिकित्सा केली.

पुरावा आकाशात नाही, मातीत आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. हत्यार घडवता घडवता माणूस घडला. जुन्नरची लेणी लोक पांडवांच्या नावावर सांगतात. शिलालेखांत मात्र बुरुडांच्या, कासारांच्या श्रेणी आहेत. राबणाऱ्या हातांचे श्रेय आकाशाला देणे, ही जुनीच लूट आहे.