दोन कोटी साठ लाख विटांचा पूल

वीट म्हटली की आपल्याला घर आठवते. पण जगातला सर्वांत मोठा विटांचा पूल रेल्वेचा आहे, आणि तो अजून वापरात आहे! जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, रायखेनबाखजवळ गोल्च नदीच्या खोऱ्यात तो उभा आहे. लेक लाइपझिगला नोकरीला असल्याने मला तो पाहता आला. खालून गाड्यांचा साधा रस्ता जातो, वरून आगगाडी. उंची 78 मीटर, म्हणजे साधारण पंचवीस मजले. लांबी 574 मीटर. एकावर एक चार थरांत 98 कमानी.

पुलाच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस 1000 थालर. 81 आराखडे आले. पण आगगाडीचा भार पूल पेलेल, हे एकालाही गणिताने सिद्ध करता आले नाही, म्हणून पहिले बक्षीस कोणालाच दिले नाही. परीक्षक मंडळाचे प्रमुख प्रा. योहान आंद्रेआस शुबर्ट यांनी मग स्वतः आकडेमोड करून आराखडा तयार केला. आसपास चिकणमाती मुबलक, म्हणून वीट निवडली. जिथे भार जास्त तिथे ग्रॅनाइट घातला.

1846 साली पायाभरणी झाली. काम सुरू झाल्यावर कळले, की मधली जमीन भुसभुशीत आहे. मुख्य अभियंता रॉबर्ट विल्के यांनी ते झाकून ठेवले नाही. तिथला खांब रद्द केला आणि मध्ये मोठ्या कमानी घेतल्या. पूल बारकाईने पाहिला तर मधली नक्षी वेगळी दिसते, ती यामुळेच. 1851 च्या जुलैत पूल सुरू झाला. कामावर 31 मजुरांचे जीव गेले, हेही विसरून चालणार नाही.

हे सगळे आपल्या स्मरणिकेत कशाला? कारण आपली इमारतही पंचविशीत आली आहे. जिन्याजवळच्या बीमला तडे आहेत, गच्ची गळते, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय सर्वसाधारण सभेत दोनदा पुढे ढकलला गेला. "रिपोर्टमध्ये काही निघालं तर खर्च वाढेल," असे आपल्यापैकीच काही जण म्हणतात. अहो, न तपासल्याने तडे भरून येतात का? तो पूल पावणेदोनशे वर्षे उभा आहे तो नुसत्या विटांच्या जोरावर नाही. आधी हिशेब मागितला, वाईट बातमी वेळेवर ऐकली आणि 1950 च्या दशकात मोठी दुरुस्तीही केली.

येत्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, एवढीच सर्व सभासदांना विनंती.