रक्ताची साक्ष

कर्करोगाची गांठ शस्त्रानें काढली, व्रण भरून आला, रोग गेला असें वाटलें; तोंच कांहीं महिन्यांनीं पाठीचा कणा दुखूं लागावा, किंवा सहज वळतांना मांडीचें हाड मोडावें, हा अनुभव जुन्या वैद्यांना नवा नव्हता. रोग हाडांत केव्हां शिरला, हें मात्र कोणास सांगतां येत नसे.

लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालीं स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी पडताळून पाहिल्या. यकृतांत रोग वारंवार आढळे, प्लीहेंत क्वचित्. रक्त तर दोहोंसही मिळतें. मग हा भेद कां? पॅजेट यांचें उत्तर असें, कीं बीं चहूंकडे उधळलें तरी रुजतें तें मानवेल त्याच भूमींत. आणि अस्थि ही तशी एक भूमि होय.

परंतु जिवंत माणसाच्या हाडांतील हा अंकुर ओळखावा कसा? त्यासाठीं रक्तासच साक्षीला बोलवावें लागलें. वार्सा येथील बिएर्नात्स्की यांनीं १८९७ सालीं व पुढें स्टॉकहोमचे फोरेउस यांनीं १९१८ सालीं, नळींत ठेवलेल्या रक्तांतील तांबड्या पेशी किती वेगानें तळाशीं बसतात तें पाहिलें. शरीरांत दाह असला म्हणजे रक्तांत फायब्रिनोजेन वाढतें, पेशी रुपयांच्या चळतीप्रमाणें एकमेकींस लागतात व लवकर खालीं बसतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर रुग्णालयांत टिलेट व फ्रान्सिस यांस १९३० सालीं न्युमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत आणखी एक पदार्थ आढळला. रोगी बरा होतांच तो नाहींसा होई. तेंच आजचें सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन.

हे दोघे साक्षी गांवच्या जागल्यासारखे. कांहीं तरी बिघडलें एवढी आरोळी ते देतात. चोर कोणत्या घरांत शिरला, हें त्यांस ठाऊक नसतें. तें घर दाखविणारा साक्षी १९३६ सालीं पुढें आला. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला असतां तेथें अ‍ॅसिड फॉस्फटेज विपुल असतें, असें अमेरिकेंत गटमन दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. १९३८ सालीं तें रक्तांतही वाढलेलें दिसलें. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं याच मापाच्या आधारें सिद्ध केलें, कीं पुरुष-संप्रेरक बंद केल्यास हा रोग ओसरतो. त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आज पॅजेट यांच्या भूमीचें रहस्यही बरेंच उलगडलें आहे. कर्कपेशी हाड विरघळविणाऱ्या पेशींस चेतवितात. विरघळत्या हाडांतून सुटणारीं द्रव्यें उलट कर्कपेशींस पोसतात. या झुंजींत इंटरल्यूकिन-६ सुटतें, आणि त्याच्या संदेशावरून यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन बनवितें. म्हणून रोग पसरलेल्या माणसांत त्याचें वाढतें माप पुष्कळदां दुश्चिन्ह ठरतें.

तथापि हेंच माप साध्या फुफ्फुसदाहानें वा सांधेदुखीनेंही चढतें. तेवढ्यावरून रोग्यास कर्करोग झाला असें म्हणणें जसें अन्यायाचें, तसेंच माप उतरलें म्हणून निर्धास्त होणें धोक्याचें. रक्ताची साक्ष ऐकावी; निकाल मात्र क्ष-किरण, स्कॅन व प्रत्यक्ष पेशींची परीक्षा यांनंतरच द्यावा.