दिनविशेष : ५ मे
१९७४ : पोलीस उपायुक्तानेच रचलेले कुभांड

अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ५ मे १९७४ रोजी 'कोलंबो' या गुप्तहेर मालिकेचा 'अ फ्रेंड इन डीड' हा भाग प्रसारित झाला. पीटर फिशर यांनी लिहिलेल्या आणि बेन गझारा यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात लॉस एंजेलिसचा पोलीस उपायुक्त हॅल्परिन शेजाऱ्याच्या हातून झालेला त्याच्याच पत्नीचा खून घरफोड्याच्या माथी मारतो आणि पुढे स्वतःच्या पत्नीचा खून करून तोही त्याच घरफोड्याच्या नावावर घालतो. खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच दाखवून तो कसा पकडला जाईल याची उत्सुकता वाढवणारी, म्हणजे उलट्या क्रमाची, रहस्यकथा ही या मालिकेची ओळख होती. पण येथे खुनी हा तपास करणाऱ्या गुप्तहेर कोलंबोचाच वरिष्ठ असल्याने खरी कोंडी चातुर्याची नसून अधिकाराची ठरते. संशयिताचा म्हणून कोलंबोने पुढे केलेल्या पत्त्यावर हॅल्परिन चोरीचे दागिने पेरतो, झडतीत ते सापडतातही. मात्र ती खोली कोलंबोची स्वतःची निघते. मुद्देमाल सापडला एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही, तो तेथे कोणी आणि कसा आणला हेही तपासावे लागते, हे या शेवटाइतके नेमकेपणाने फार थोड्या पोलीसकथांनी मांडले आहे. पीटर फॉक यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'कोलंबो'चा तिसरा हंगाम याच भागाने संपला.